लॅमिंग्टन रोडची एक फेरी

मैत्रिणींनो, लग्नाचा बस्ता कुठे बांधायचा हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आपण लगेच मागे सरतो आणि ‘तुम्हीच बघा’ म्हणून मोकळ्या होतो. मीही तशीच होते. लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि लॅपटॉपची निकड निर्माण झाली. पैसे मात्र माझ्या भिशीचे, ४५ हजार. मग म्हटलं, आपणही जायचंच! एका शनिवारी नाशिकहून सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, बरं का.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरायची, कारण जलद गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर हा रस्ता लागतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. एकेकाळी सिनेमागृहांसाठी आणि रेडिओच्या सुट्या भागांसाठी गाजलेला हा रस्ता आज संगणकांनी भरलेला आहे. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, वर दाटीवाटीने पाट्या आणि दर चार पावलांवर ‘आओ मॅडम, क्या चाहिए?’

पहिल्या दुकानात मालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘साहेब, बजेट किती?’ आमच्या ह्यांनी खरा आकडा सांगून टाकला आणि बरोबर तेवढ्याच किमतीचा, रंगीत दिव्यांचा, खेळांसाठी असतो तसला जाडजूड लॅपटॉप पुढे आला. दुसरीकडे बिलाशिवाय दोन हजार कमी करतो म्हणाले. बिल नाही तर वॉरंटी कशावर मागायची? आम्ही काढता पाय घेतला.

समोरच्या हॉटेलात चहा मागवला आणि मी पिशवीतून कागद काढला. वाण्याकडे यादीशिवाय जात नाही, मग इथेच का? लेकीचं काम लिहिलं : टॅली, एक्सेल, ऑनलाइन तास, रोज बसने कॉलेज. ह्यांचं : बिलं भरणं, बातम्या. कागद घडी करणार तोच लेक म्हणाली, ‘आई, तुझं कुठे आहे? मसाल्याच्या ऑर्डरींचा हिशेब अजून वहीतच करणार का?’ खरं सांगते, पैसे माझे असूनही यादीत मीच नव्हते.

यादी झाली आणि निवड सोपी झाली. आमच्यासारख्या कामाला रॅम निदान ८ जीबी हवी आणि पुढे वाढवता येईल अशी जागा असलेली बरी. काही लॅपटॉपमध्ये ती पक्की बसवलेली असते, म्हणून आधीच विचारा. साठवणीला जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क नको, एसएसडी घ्या. लॅपटॉप चटकन सुरू होतो. प्रोसेसरच्या नावातल्या मोठ्या आकड्याला भुलू नका, तो कोणत्या पिढीचा ते विचारा. पैठणी कितीही सुंदर असली तरी रोज नेसून स्वयंपाक करता येतो का?

अडलं ते आकारावर. १५.६ इंची लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा होता, माझ्या हिशेबाला अगदी सोयीचा. पण तो लेकीने रोज खांद्यावर वाहायचा! १४ इंची हलका, पण त्याला तो पट्टा नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी दुकानातल्या पोरानेच तोड काढली : आकड्यांचा छोटा पट्टा वेगळा मिळतो, तो वायरने जोडायचा. काही शे रुपयांत दोघींचं भागलं.

पैसे देण्याआधी एवढं कराच. खोकं आपल्यासमोर फोडून घ्या. लॅपटॉप सुरू करून सेटिंगमध्ये रॅम आणि प्रोसेसर बिलाप्रमाणे आहेत का ते पाहा. विंडोज अस्सल आहे ना, तेही तिथेच कळतं. अनुक्रमांक खोक्यावर, लॅपटॉपवर आणि बिलावर एकच हवा. परगावाहून आला असाल तर आपल्या गावात त्या कंपनीचं सेवाकेंद्र आहे ना, याची आधीच चौकशी करा. आणि सगळे पैसे लॅपटॉपवरच घालवू नका. बॅग, माऊस यांना थोडे राखून ठेवा.

परतीच्या गाडीत खोकं माझ्या मांडीवर होतं. आता दुपारी लेक कॉलेजातून आली की तासभर लॅपटॉप माझा असतो. मसाल्याची वही अजून जपून ठेवली आहे, पण नवा महिना मी लॅपटॉपवरच मांडला. तुम्हीही जाल तेव्हा यादी करून जा, आणि त्या यादीत आधी स्वतःचं नाव घाला!