अळणावरची मे महिन्याची सुट्टी

आमच्या गोव्यातल्या बऱ्याच घरांत 'घाटावर' एखादं तरी नातेवाईक असतंच. कुणाची बहीण बेळगावला दिलेली, कुणाचा काका हुबळीला रेल्वेत. आमच्या घरात हा मान माझ्या थोरल्या नणंदेचा. भावोजी रेल्वेत, आणि त्यांची बदली होत होत संसार स्थिरावला अळणावरला. लोंढ्याहून धारवाडकडे जाताना मध्ये लागणारं हे जंक्शन. गाडीतून बघणाऱ्याला फक्त लाकडांच्या वखारी, कौलारू घरं आणि आंब्याची झाडं दिसतात. इथून एक फाटा दांडेलीकडे जातो, जंगलातलं सागवान वाहून आणायला टाकलेला.

मागच्या आठवड्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला उन्हाळी शिबिराला घालायचं होतं. पाच शिबिरांची माहिती तिने जमवली होती, फी ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, आमचं अळणावरचं शिबिर आठवतं? लिही ना त्यावर." मी म्हटलं, "सगळं लिहू?" ती म्हणाली, "सगळं लिही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?" तर आता सगळं लिहिते.

साल 2003. मे महिना. लेक बारा वर्षांची, मुलगा सहाचा, सोबत सासूबाई. फोंड्याहून कुळ्याला येऊन आम्ही गाडी धरली. कुळ्याला गाडीच्या मागेही इंजिनं जोडतात, कारण कॅसलरॉकपर्यंतचा ब्रागांझा घाट चढायचा म्हणजे काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. मुलगा एका हाताने बोगदे मोजत होता आणि दुसऱ्या हाताने माझा पदर धरून होता. पदर सोडायचा नाही हा त्याचा त्या काळातला नेम. शाळेच्या दारातही रोज रडारड. दूधसागर मे महिन्यात अगदी रोडावलेला होता. सासूबाईंनी तरी हात जोडलेच.

वन्संच्या घराच्या डाव्या हाताला एक लिंगायत कुटुंब, उजव्या हाताला आमच्या साष्टीतलं किरिस्तांव कुटुंब. त्या आंटींचे आजेसासरे रेल्वेच्या नोकरीसाठी घाट चढून आलेले. मुरगाव बंदरापासून आलेली रेल्वे 1888 साली ब्रिटिश मुलखातल्या रेल्वेला जोडली गेली, आणि त्या रुळांवरून जसा माल गेला तशी आमची माणसंही गेली. कॅसलरॉक, लोंढा, हुबळी... रेल्वेच्या गावांत गोंयकार सापडायचेच. तीन पिढ्या झाल्या तरी आंटींची कोंकणी तशीच होती, मध्ये मध्ये कन्नड शब्द पेरलेली.

दुसऱ्याच दिवशी आंटी कुंपणापाशी आल्या. "बाय, भुरग्यांक आमच्या कॅम्पाक धाड गो. धा दीस. गायतात, खेळतात, जेवण लेगीत आसा."

चर्चच्या आवारात सिस्टर लोक दरवर्षी मुलांसाठी शिबिर घेत. सकाळी नऊ ते एक. सगळ्या धर्मांची मुलं येत. मला कल्पना आवडली. दुपारी उन्हात घरात बसून भांडण्यापेक्षा बरं! पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "नको हो. मुलं लहान आहेत."

संध्याकाळी त्यांनी खरं कारण सांगितलं. "गाणी म्हणता म्हणता बाटवतील."

आज कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मला तेव्हाही राग आलाच. पण गोव्यातल्या माणसाला ही भीती कुठून येते ते ठाऊक असतं. सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश रात्रीची नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आम्ही फोंड्याचे म्हणवतो, पण सासूबाईंच्या माहेरची माणसंही अशीच मूर्ती उचलून पळालेली. चारशे वर्षांपूर्वीची ती रात्र त्यांना त्यांच्या आजीने अशी सांगितली होती, जणू आजी स्वतः होडीत बसली होती. ही भीती पुस्तकातून आलेली नव्हती, त्यामुळे पुस्तकातल्या युक्तिवादाने ती जाणारही नव्हती.

मी तरीही प्रयत्न केला. म्हटलं, फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्याने चक्क मराठी ओव्यांत लिहिली. 1616 मध्ये ते ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तेच तर सांगतेय. ओव्यांतून."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचत नाही.

शेवटी निकाल लावला तो भावोजींनी. "आमची दोन्ही मुलं चार वर्षं जाऊन आली. अजून संध्याकाळी शुभं करोति म्हणतात." सासूबाईंनी एकच अट घातली. मुलांनी रोज घरी येऊन काय काय शिकवलं ते त्यांना सांगायचं.

अशी शिबिरं मूळची अमेरिकेतली. न्यूयॉर्कला 1898 साली एलायझा हॉज नावाच्या बाईने रस्त्यावर भटकणारी मुलं गोळा करून उन्हाळ्यात वर्ग सुरू केले, आणि जागा म्हणून बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. अळणावरला गुत्ता नव्हता, फणसाच्या झाडाखाली शहाबादी फरशा होत्या. पण मूळ अडचण तीच. सुट्टीतल्या मुलांचं करायचं काय?

पहिल्या दिवशी मुलगा पदर सोडेना. मी तासभर फणसाखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी त्याचा दात पडला. तो रडेल म्हणून मी उठले, तर सिस्टरांनी दात कागदात बांधून त्याच्याच खिशात घातला आणि सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्याने तो रुबाबात कौलांवर फेकला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "तू नको येऊ. बाकीच्यांच्या आया येत नाहीत." इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं, आणि परत येताना मला रस्ताभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी जेवणं झाली की सासूबाईंसमोर हजेरी. मुलगा हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायचा. नव्याण्णव मेंढरं टाकून धनगर एकासाठी रानात गेला. सासूबाई म्हणाल्या, "आणि तेवढ्यात ती नव्याण्णव पळाली असती तर?" मुलाने दुसऱ्या दिवशी हा प्रश्न सिस्टरांना विचारला. सिस्टर खूप हसल्या म्हणे, आणि "आजीला सांग, मलाही हीच काळजी वाटते," असा निरोप पाठवला. त्या निरोपाने सासूबाई किंचित सैल झाल्या.

संध्याकाळी रेल्वेच्या मैदानात भाड्याची सायकल. वळवाची एक सर पडून गेली की मातीचा वास, करवंदं, आणि धारवाडकडचे आपूस. आपल्या मानकुरादची सर नाही, असं आम्ही प्रत्येक फोडीला म्हणायचो आणि पुढची फोड उचलायचो.

आठव्या दिवशी सहल होती. हल्याळवरून दांडेलीला, काळी नदीच्या काठी. आंटी स्वयंपाकाला म्हणून सोबत जाणार होत्या. मुलांची माझ्याशिवायची ही पहिलीच सहल.

संध्याकाळी बस आली. मुलगा धावत आला, ओल्या चपला हातात. लेक मात्र आंटींचा हात धरून हळूहळू आली. तिच्या कमरेला आंटींची ओढणी गुंडाळलेली होती. मी बघितलं आणि समजले.

आंटींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. नदीवर लेकीचं पोट दुखायला लागलं, ती घाबरून एका झाडामागे बसून राहिली. सिस्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला गावातल्या ओळखीच्या घरी नेलं, सगळं समजावलं, पॅड दिलं आणि मग सर्वांबरोबर जेवायला बसवलं. बाकीच्या मुलांना काही कळलंदेखील नाही. मी हे तिच्याशी बोलायचं आज, उद्या म्हणून टाळत आले होते. ते काम एका अनोळखी बाईने नदीकाठी केलं. आभार मानताना मला लाज वाटत होती.

पण खरा प्रश्न घरात होता. सासूबाईंच्या शिस्तीत 'बाहेरची' म्हणजे चार दिवस बाजूला. मीही वर्षानुवर्षं पाळलं होतं. त्यांनी कोपऱ्यात वेगळी चटई टाकली, प्रेमाने, डोक्यावरून हात फिरवत. लेक बसली. मग तिने विचारलं, "परवा समारोप आहे. नाटकात माझं काम आहे. मी जाऊ ना?"

कुणीच बोलेना. समारोप चर्चच्या आत, वेदीसमोर होता.

त्या वेळी डावीकडच्या अज्जी ताक घेऊन आल्या होत्या. त्यांना चटई दिसली. कन्नडमध्ये त्या काहीतरी म्हणाल्या आणि वन्संनी अर्थ सांगितला. आमच्यात सूतक नाही. बाराव्या शतकात बसवण्णा आणि शरणांनी पाच सुतकं मोडून काढली. जन्माचं, मरणाचं, उष्ट्याचं, जातीचं आणि हे, पाळीचं. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा बाईने त्या दिवसांतही करायची. दांडेलीच्या पुढे उळवीला चन्नबसवण्णाची समाधी आहे, तिथे आपण अशाच जाऊन आलो आहोत, असंही अज्जींनी ठसक्यात सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. मानही हलवत नव्हत्या.

रात्री त्यांनी मला विचारलं, "त्यांच्या देवळात चालतं का ते?"

मी आंटींना विचारून आले. चालतं.

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "ज्याचं घर त्याला चालतं, तर आपण कोण अडवणार? जाऊ दे तिला."

समारोपाला त्या स्वतः आल्या. शेवटच्या बाकाच्या टोकाला, चपला बाहेर काढून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या. लेक जखमी वाटसरूला उचलून नेणाऱ्या परक्या माणसाच्या कामात होती. परक्या गावचा, परक्या देवाचा माणूस, आणि मदत तोच करतो. मुलाने कन्नडमध्ये दोन वाक्यं म्हटली. शाळेत तोंड न उघडणारा आमचा मुलगा, आणि तेही कन्नडमध्ये! शेवटी सिस्टर सासूबाईंना भेटायला आल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. सासूबाईंनी पिशवीतून घरचे बेसनाचे लाडू काढून दिले. बस्स.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या असं लिहिलं तर ते खोटं होईल. कवळ्याला जायचं असलं की त्या मला आणि लेकीला शेवटपर्यंत "तारीख बघून घे" म्हणायच्या. मात्र फोंड्याच्या घरात ती चटई पुन्हा पडली नाही. कधी बंद झाली, कुणी बंद केली, यावर एक शब्दही झाला नाही. मीही मग माझ्यापुरती ती उचलून ठेवली.

आता सासूबाई नाहीत. वन्सं आणि भावोजी निवृत्तीनंतर धारवाडला गेले. अळणावर आता तालुक्याचं गाव झालं आहे. घाटातून जाताना नातीला मी बोगदे मोजायला शिकवणार आहे.

लेकीला शिबिराचं काय सांगितलं? म्हटलं, जवळचं बघ, फीकडे फार बघू नकोस. आणि पहिल्या दिवशी तासभर झाडाखाली बसायला देतात का तेवढं विचार.