व्हॅलेन्सियातील पाण्याचा न्याय

स्पेन म्हटले की बैलांची झुंज आणि फुटबॉल, एवढेच आपल्याला ठाऊक असते. सप्टेंबर २०२५ मध्ये शेतकऱ्यांच्या एका गटाबरोबर त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया शहरात तीन दिवस राहण्याचा योग आला. आम्ही सोळा जण होतो. कोणी द्राक्षवाले, कोणी ऊसवाले, दोघी भगिनी दूधधंदा करणाऱ्या, आणि मी शेतीखात्यातला.

जुन्या गावात पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला रेशमाचा बाजार आहे. त्याला 'लोन्हा' म्हणतात. आतले उंच दगडी खांब पीळ दिलेल्या दोरखंडासारखे दिसतात. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. समोरच १९२८ साली सुरू झालेली मोठी मंडई. आमच्या भगिनींनी खांब घटकाभर पाहिले आणि मंडईत तासभर रमल्या. वांग्याचा भाव विचारून त्याचे रुपये करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना!

जेवण 'पाएया'चे. हे खरे तर पसरट, उथळ कढईचे नाव. तीत ऑलिव्हचे तेल, टोमॅटो, केशर, घेवडा, कोंबडी व सशाचे मांस घालून आखूड दाण्याचा भात शिजवतात. संत्र्याच्या लाकडांचा जाळ उत्तम समजतात. आमच्यातल्या माळकरी अण्णांसाठी नुसत्या भाज्यांचा भात आला. तळाशी लागलेल्या खरपुडीला तिथे 'सोकारात' म्हणतात आणि ती आवडीने खातात. घरोघर खरपुडीसाठी भांडणारी आपली मुले आठवली. हा तांदूळ शहराच्या दक्षिणेच्या अल्बुफेरा सरोवराकाठी पिकतो. भाताची शेती तिथे रुजवली ती अरबांनी.

अल्बोराया गावी तर नवलच पाहिले. तिथे 'चुफा' नावाचे पीक पाटपाण्यावर घेतात. ही आपल्या लव्हाळ्याची सख्खी बहीण! हिवाळ्यात तिच्या गाठी काढून सुमारे तीन महिने वाळवतात. मग त्या भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून 'ओर्चाता' हे दुधासारखे थंड पेय करतात. ज्या कुळातल्या तणाला खुरपून आपल्या बायाबापड्यांची बोटे झिजली, त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीवर तिथे घरे चालतात. पेय मात्र गोड लागले.

शहराची नदी तुरिया. ऑक्टोबर १९५७ च्या महापुरात शहर बुडाले, तेव्हा नदीच दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवली. जुन्या पात्रात आता बाग आहे. त्या नव्या पात्राने २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात मूळ शहर वाचवले, पण पलीकडच्या गावांवर आकाश कोसळले. त्या आपत्तीत सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेली.

याच तुरियाच्या पाण्याचा न्याय दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या दाराशी उघड्यावर होतो. आठ पाटांचे आठ पंच. सगळे शेतकऱ्यांनी निवडलेले आणि स्वतः जमीन कसणारे. काळे अंगरखे घालून ते वर्तुळात बसतात. वकील नाही, कागद नाही, अपील नाही. ज्या पाटाचा तंटा असेल, त्या पाटाचा पंच निवाड्यात भाग घेत नाही. पाणी जमिनीबरोबर राहते, वेगळे विकता येत नाही. ही रीत हजार वर्षांची आहे असे तिथे मानतात. जौमे राजाने १२३९ साली पाटांचे हक्क कायम केले, आणि २००९ साली युनेस्कोने या पंचायतीचा गौरव केला.

पुकारा करणाऱ्याने एकेका पाटाचे नाव घेतले. कोणीच पुढे आले नाही. काही मिनिटांत पंच उठले.

"एवढंच?" आमचे एक द्राक्षबागाईतदार म्हणाले. पाटाच्या पाळीवरून त्यांचा चुलतभावाशी नऊ वर्षे दावा चालू आहे. वाटाड्याने सांगितले, "बरेचसे तंटे गुरुवारच्या आधी बांधावरच मिटतात. चारचौघांत उभे राहायला कोणाला आवडते?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, इथं न्याय देणाऱ्याच्या पायालाही चिखल लागलेला असतो. आमच्या दाव्यात बाग कोणी पाहिलीच नाही."

मी त्यांना धुळे-नाशिककडील फड पद्धतीची आठवण दिली. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून, पाटकरी नेमून, आपल्याच लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाणी वाटून घेतले. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांनाही वाटपाचा अधिकार दिला आहे. मात्र अधिकार कागदावर मिळतो, विश्वास बांधावर कमवावा लागतो.

रात्री त्यांनी माझ्याकडून पंचायतीचे चार नियम वहीत उतरवून घेतले. त्यांच्या पाणी वापर संस्थेची सभा दिवाळीनंतर होती. चुलतभाऊही त्याच संस्थेचे सभासद आहेत. "सभेत वाचून दाखवतो," ते म्हणाले, "तो समोरच बसलेला असेल."