भरती वर्षातून एकदा

कोकणपट्टीतून बदली होऊन नागपुरात आलेला माणूस पहिले काही दिवस उन्हाबद्दल आणि रस्त्यांच्या रुंदीबद्दल बोलतो. सामान लागलं, गॅस जोडला गेला, मुलांच्या शाळेचं ठरलं, की एका संध्याकाळी तो हळूच विचारतो, ‘‘इथं पाणी बघायला कुठं जातात?’’ शेजारचा नागपूरकर जराही न अडखळता सांगतो, ‘‘जा न भाऊ, चौपाटीवर जाऊन या.’’

मालवणच्या माणसाला ही थट्टा वाटते. समुद्र गाठायचा तर इथून रात्रभराची गाडी. पण चौपाटी खरंच आहे. फुटाळा तलावाच्या काठच्या रस्त्याला सारं शहर याच नावानं ओळखतं. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. कठड्यावर कॉलेजची पोरं, गाडीवर भाजलेली कणसं, फुगेवाले, आणि पाण्यापलीकडे मावळणारा सूर्य. सगळा थाट किनाऱ्याचाच. अलीकडे संगीताच्या तालावर नाचणारं कारंजंही आलं. मला ते फारसं रुचत नाही. पाण्याला नाचवून दाखवावं लागतं, तेव्हा ते नुसतं बघण्याची आपली सवय मोडलेली असते. नवा माणूस मात्र कारंज्याबद्दल काही बोलत नाही. त्याची तक्रार निराळी असते. या पाण्याचा पलीकडचा काठ दिसतो. शिवाय हे पाणी हलत नाही.

पहिल्या तक्रारीवर इलाज नाही. दुसरीबद्दल मात्र त्याला थांबायला सांगावं लागतं. इथलंही पाणी हलतं, पण त्याचं घड्याळ वेगळं. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, नागपूरच्या पाण्याला वर्षातून एकदा. मृगात ती सुरू होते, भाद्रपदात काठोकाठ पोचते, आणि मग जेठापर्यंत अगदी सावकाश ओहोटी. तलाव मागे सरकतो तशी ओली जमीन उघडी पडते आणि गावोगाव तिथं गाळपेरीची पिकं उभी राहतात. भरल्या पाण्यात ढिवर, म्हणजे इथले मासेमार, शिंगाड्याचे वेल लावतात. दिवाळीच्या आसपास शहराच्या नाक्यानाक्यावर हिरव्या शिंगाड्यांचे ढीग दिसू लागतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या माणसाला हे पंचांग शिकायला फार वेळ लागू नये. इथल्या सहलींची यादी अंतरावरून करू नये, असं मी म्हणतो ते यासाठीच. ती महिन्यावरून करावी.

डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला मुंबईहून मोठा लवाजमा येतो. 1953 च्या नागपूर करारापासूनचं हे नातं. हवा उत्तम, तलाव भरलेले, आणि मंडळी सिव्हिल लाइन्स ते विमानतळ एवढंच नागपूर बघून संत्राबर्फीचे डबे घेऊन परततात. त्यांना सोडून देऊ.

शहरातली पहिली फेरी झिरो माइलला करावी. चार घोडे आणि दगडी खांब यांच्याजवळ फोटो काढून लोक निघून जातात. हा भारताचा मध्यबिंदू आहे की नाही, यावर वाद घालायला नागपूरकराला आवडतं; त्यात नव्या माणसानं पडू नये. त्यानं बघावा तो तिथला सर्वेक्षण खात्याचा उंचीचा दगड. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण 1020 फुटांहून किंचित वर आहे. बंदरांमधून वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरवायची आणि मग दुर्बीण-पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्यानं ती उंची देशाच्या पोटापर्यंत आणायची, असं हे काम होतं. कुठल्या तरी धक्क्यावरच्या लाटांचा हिशेब असा सीताबर्डीच्या शेजारी येऊन थांबला आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला इतकी ओळखीची खूण या शहरात दुसरी सापडणार नाही.

आणि नागपूरला समुद्र कधीच नव्हता, असंही नाही. 1751 पासून 1803 पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल कटकपर्यंत होता. पुरीचं जगन्नाथाचं देऊळ, बालेश्वरचं बंदर, ओडिशाचा लांबलचक किनारा, हे सगळं या शहराच्या कारभारात होतं. देवगावच्या तहात ते इंग्रजांकडे गेलं. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांतून जाताना मला हे आठवतं. इथल्या दप्तरांत एकेकाळी मिठाच्या आणि बंदराच्या जमाखर्चाची पानं असतील, आणि लिहिणाऱ्या कारकुनानं समुद्र पाहिलेलाही नसेल.

त्याहूनही मागं जायचं तर टाकळीला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकात नागपूरला आला आणि धर्मप्रसाराइतकाच दगडांच्या नादी लागला. टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्याला गोगलगायींचे शिंपले, माशांचे आणि झाडांचे अवशेष मिळाले. गोगलगायी गोड्या पाण्यातल्या. म्हणजे ज्वालामुखी धुमसत होते, मधूनमधून थंडावत होते, त्या काळातही या भूमीवर तळीच होती. फुटाळ्याची परंपरा भोसल्यांच्या फार आधीची निघते. हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून वारला. समुद्र ओलांडून आलेला माणूस विदर्भातल्या एका ओढ्यात गेला. इथल्या पाण्याला कमी लेखू नये, हे नव्या माणसाला सांगताना मी दोन गोष्टी सांगतो. एक ही. दुसरी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेची. त्या रात्री काही तासांत धोधो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या वस्त्यांमध्ये लोकांना झोपेतून उठून गच्च्या गाठाव्या लागल्या. एकेकाळी याच अंबाझरीतून शहराला नळाचं पाणी यायचं. आता मुख्यतः पेंचचं येतं, आणि अंबाझरी फिरायला जाण्याची जागा झाली. तलावाला मात्र आपलं जुनं काम आठवत असतं.

आषाढात रामटेक. यात दुसरा पर्याय नाही. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, मनसरला वळण, आणि समोर गड. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. वाद आहेत, राहोत. गडावर उभं राहून ढग येताना पाहिला की वाद घालावासा वाटत नाही. वराह दरवाजापाशी एकाच दगडातला भला थोरला वराह आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पार होणारी माणसं, त्यांना हसणारे नातेवाईक आणि सगळ्यांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं, असा तिथला दरबार. पण त्याच वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची दोन वाकाटककालीन देवळं आहेत, पाचव्या शतकातली. ती ठेंगणी, काळी, जाडजूड आहेत आणि बहुतेक लोक ओलांडून जातात. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे सून म्हणून आली, नवरा लवकर गेल्यावर तिनं राज्य सांभाळलं, आणि रामगिरीच्या स्वामीवर तिची भक्ती होती. वरून खाली पाहिलं की डोंगरांच्या ओंजळीत अंबाळा तलाव, त्याचे घाट आणि देवळं. थोडं दूर खिंडसीचं पसरलेलं पाणी. तिथं होडीत बसता येतं. खिंडसीला मात्र पलीकडचा काठ पुसट होतो, विशेषतः पावसाची सर आली की. कोकणी माणूस तिथं प्रथमच गप्प बसतो. उतरताना रामटेकचं पान खावं.

त्या ढगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. विदर्भाच्या पावसात मोठा हात असतो तो बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा. आणि पडलेलं पाणी जातंही तिकडेच. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेच्या रूपानं गोदावरीला, आणि गोदावरी त्याच उपसागराला. मघाशी मी भरती म्हटलं ते नुसतं अलंकारानं म्हटलं नव्हतं. समुद्र इथं येतो, चार महिने राहतो आणि आल्या दिशेनं परत जातो. फक्त अरबी नव्हे, दुसरा.

दिवाळीनंतर वर्ध्याची वाट धरावी. सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात होतात. घाई केली तर मात्र दोन्ही निसटतात. सेवाग्रामात बघण्यासारखं फार नाही, हीच तिथली बघण्याची गोष्ट. मातीच्या भिंती, कौलं, जमिनीवरची बैठक, बाजूला दूरध्वनीची छोटी पेटी. मी तिथं नव्या माणसाला एवढंच सांगतो की या कुटीत राहणारा गृहस्थ पोरबंदरचा होता, समुद्राकाठचा. 1930 मध्ये दांडीच्या किनाऱ्यावर त्यानं मूठभर मीठ उचललं, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं, आणि 1936 मध्ये समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, वर्ध्याजवळच्या या खेड्यात येऊन राहिला. इथल्या उन्हाळ्याबद्दल त्यानं तक्रार केली असेल, पण गाव सोडलं नाही. पवनारचे विनोबा तर जन्मानं कोकणातलेच, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. 1938 मध्ये ते धाम नदीकाठच्या टेकाडावर आले आणि 1982 मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. मधली तेरा वर्षं मात्र ते भूदानासाठी देशभर पायी फिरत होते. आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यांतली राम-भरत भेट अजून तिथं आहे. खाली धाम नदी खडकांतून वाहते. हिवाळ्यात तिचं पाणी घोट्याएवढं असतं, आणि त्या पाण्याला आवाज असतो. फुटाळ्यावर जे नसतं ते इथं ऐकू येतं. गांधींच्या अस्थींचा काही भाग 1948 मध्ये या नदीतही सोडला होता.

अंभोऱ्याला मी पूर्वी सगळ्यांना पाठवत असे, आता माणूस बघून पाठवतो. कुहीच्या पुढं, वैनगंगेच्या काठी पाच नद्यांचा संगम, कोलासूर टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथंच रचला, असं गावकरी ठासून सांगतात. आंबेजोगाईचे लोक तितकंच ठासून ते नाकारतात. अलीकडे नदीवर केबलांच्या आधाराचा मोठा पूल झाला, त्याच्या उंच मनोऱ्यात गॅलरी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी सेल्फीवाल्यांची जत्रा भरते. गॅलरीतून दिसणारं पाणी डोळ्यांत मावत नाही. किनाऱ्याची आठवण काढणाऱ्याला ते बघून भरून येतं. पण हे गोसीखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणानं नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठवली. ज्याला हे विस्तीर्ण पाणी सुंदर म्हणायचं आहे त्यानं जरूर म्हणावं. फक्त चहाच्या टपरीवर कुणाला तरी विचारावं, ‘‘काकाजी, जुनं गाव कुठी होतं?’’ ते हातानं पाण्याच्या मधोमध दाखवतात. शिवाय आमच्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून याच फुगवट्याकडे जातं. पाहुण्याला घराच्या मागच्या बाजूनं आणल्यासारखं होतं ते, पण एकदा आणायला हवं.

उरलं ते लांबचं, नवेगावबांध. खरं तर याला सहल म्हणू नये, मुक्कामच करावा. गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे सहा-सात हजार जुने मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी’, म्हणून लोकांच्या तोंडी मामा तलाव. कोहळी समाजातल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरांमधल्या खिंडी हेरून ते बांधले. ना यंत्र, ना नकाशा. नवेगावचा बांध त्यातला सर्वांत देखणा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथं राहिले आणि त्यांच्या लेखणीला पाणी मिळालं ते इथलं. डिसेंबर-जानेवारीत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पाण्यावर उतरतात. दुर्बीण न्यावी. पहाटे जावं, म्हणजे नाश्त्याआधी.

आणि परतताना वाटेतल्या बाजारात थांबावं. मामा तलावांची मासळी ढिवर बायका ताजी फडफडती आणतात, रोहू, कतला, मरळ, नशिबात असतील तर झिंगे. कोकणी माणूस आधी नाक मुरडतो, गोड्या पाण्याच्या मासळीला चव नसते म्हणतो, मग दोन किलो घेतो. त्याच्यासाठी एवढीच सूचना: आमसुलं घरून न्यावीत. इकडे कुणाच्या स्वयंपाकघरात ती मिळायची नाहीत, आणि रस्सा आमच्या हाती सोपवला तर तो सावजीच्या वळणावर जाणार.