काम काय आहे तिथं?

आपल्या घरातल्या बायका प्रवास करत नाहीत असं नाही. लग्नाला जातात, बाळंतपणाला जातात, दवाखान्यात कुणाला भेटायला जातात, मय्यतीला तर रातोरात गाडी करून जातात. पण नुसतं काही बघायला जायचं म्हटलं की घरात प्रश्न येतो, "काम काय आहे तिथं?"

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार मैत्रिणींनी सोलापूरहून दोन दिवस विजापूरला जायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न चारही घरांत विचारला गेला. दुसरा प्रश्न होता, "बरोबर कोण?" त्याचं उत्तर लवकर मिळालं. बाजींचा मुलगा गाडी घेऊन यायला तयार झाला आणि घरोघरी होकार आला. पहिल्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं. काम काहीच नव्हतं.

आम्ही तिघी शिक्षिका, चौथ्या बाजी. वय साठीच्या पुढे. शोहर गेल्यावर शिलाई मशीनवर त्यांनी तीन मुलं शिकवली. विजापूर आमच्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर, पण बाजींनी गोल घुमट पाहिला होता तो कॅलेंडरवर.

आधी गेलो इब्राहिम रोजाला. एकाच उंच जोत्यावर समोरासमोर रोजा आणि मशीद, मध्ये हौद. दुसरा इब्राहिम आदिलशाह 1627 मध्ये वारला. तो इथे दफन आहे आणि त्याची राणी ताज सुलतानाही इथेच. शहरातली ताज बावडी तिच्याच नावाची. आम्ही शिकलेल्या बायका कमानी आणि मिनारांचे फोटो काढत होतो. बाजी एका खिडकीपाशी थांबल्या त्या हलेनातच. दगडात अरबी अक्षरांची जाळी कोरलेली आणि अक्षरांच्या फटींतून उजेड आत येत होता. बाजी म्हणाल्या, "हे तर कटवर्क आहे गं. अक्षरं ठेवलीत आणि मधलं कापड कापून टाकलंय. कापडावर चुकलं तर रफू करता येतं, दगडाला कुठून रफू करणार?" एवढ्या वर्षांत त्या खिडक्यांबद्दल मी पुस्तकांतून जे वाचलं, त्यात हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गोल घुमट गाठला, शाळांच्या सहली यायच्या आत. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा. आतून घुमटाचा व्यास जवळजवळ 38 मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. खालचं दालन चौकोनी आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी त्या चौकोनावर हा प्रचंड गोल तोलून धरला आहे. आमच्या गणिताच्या मॅडमनी तिथेच हवेत बोटाने आकृती काढून आम्हाला समजावलं. खाली फातेहा पढून आम्ही वर निघालो. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून जिना वर जातो, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. "माझे गुडघे धरतात, तुम्ही जा," बाजी म्हणाल्या आणि मग प्रत्येक वळणावर बसत, दम घेत आमच्या मागोमाग वर आल्या.

वरच्या गॅलरीत भिंतीशी हळू बोललेलं थेट पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. बाजी पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आम्ही अलीकडे. काय बोलावं त्यांना सुचेना. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून हलक्या आवाजात सलाम केला. तो सलाम आमच्या कानाशी आला, कुणी शेजारी बसून करावा तसा. आम्ही तिघींनी एकदम जवाब दिला आणि बाजी लहान मुलीसारख्या हसल्या. मुलाला खालून फोन करायला लावून त्यांनी सुनेला ही गोष्ट तिथूनच सांगितली.

दुपारी जोहरसाठी जागा शोधायला लागलो. सफर असल्याने कस्र, दोनच रकात पढायच्या होत्या. एका मशिदीत विचारलं, तर "औरतों का इंतजाम नहीं है" असं उत्तर मिळालं. माणूस अदबीने बोलला, पण उत्तर तेच. शेवटी लॉजवर परत जाऊन नमाज पढली. त्यात तासभर गेला आणि आमची बारा कमान राहिली. बाजारात, बस स्टँडवर, दवाखान्यात रोज हजारो बायका असतात. त्यांना वुजूसाठी एक नळ आणि पडद्याआड चार मुसल्यांची जागा, एवढं तरी प्रत्येक शहरातल्या एका-दोन मशिदींच्या कमिट्यांना सहज जमावं.

आणखी एक गोष्ट मी तिथून घरी आणली. आमच्याच घरातली दखनी बोली. विजापूरच्या बाजारात बांगडीवाली म्हणाली, "नक्को बोलू नक्को, लेकेच जाओ!" हा 'नक्को' मराठीतल्या 'नको'चा आणि तो 'च' तर सरळ मराठीच. उर्दूच्या तासाला मुलं असं बोलली की त्यांना हसतात, मराठीच्या तासालाही हसतात. पण याच दखनीत इब्राहिम आदिलशाहने 'किताब-ए-नवरस' लिहिली, याच दखनीत नुस्रतीने विजापूरच्या दरबारात काव्यं रचली. आदिलशाही कागदांवर फारसीबरोबर मोडीतली मराठीही असे. परतल्यावर मी हे वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे आमची भाषा बिघडलेली नाही ना, मॅडम?" तिला उत्तर देताना मला विजापूरची आठवण उपयोगी पडली.

कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहायला सांगितलं आहे. हे सांगणं फक्त पुरुषांना नाही. लातूरकरांना बिदर जवळ आहे, जळगावकरांना बुऱ्हाणपूर, औरंगाबादकरांना तर खुलताबाद आणि दौलताबाद दाराशीच आहे. दोन दिवसांसाठी लाखभर रुपये लागत नाहीत. बाजींचे अडीच हजार झाले, ते त्यांनी चार महिने ब्लाउजच्या शिलाईतून बाजूला काढले होते. वर्षाच्या खर्चात लग्नांच्या आहेरासाठी जशी रक्कम धरतो, तशी एक छोटी रक्कम घरातल्या बाईच्या अशा सफरीसाठीही धरावी. आणि ती निघाली की काम काय म्हणून विचारू नये, डबा बांधायला मदत करावी.