राजाघाट ते ब्रह्माघाट

काशीला येणारा मराठी माणूस बहुधा दीड दिवसात मोकळा होतो. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती, दुसऱ्या दिवशी पहाटे नावेतून घाट, की गाडी प्रयागच्या वाटेला. माझ्या आईवडिलांची यात्रा अशीच झाली होती. मला मात्र काशी पायी बघायची होती, आणि तीही गाइड न घेता. मला जे बघायचं होतं ते गाइडच्या नेहमीच्या फेरीत येत नाही. मला अठराव्या शतकातली मराठी काशी बघायची होती.

निघण्याआधी मोतीचंद्र यांचं ‘काशी का इतिहास’ वाचून काढलं. 1962 सालचा हा ग्रंथ हिंदीत आहे, पण त्यातलं मराठ्यांवरचं लेखन प्रत्येक मराठी वाचकानं वाचावं असं आहे. ते वाचताना पानापानावर घाटांची नावं टिपून घेतली, नकाशावर खुणा केल्या आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे असा मार्ग आखला. राजाघाटावरून निघायचं आणि ब्रह्माघाटापर्यंत जायचं. अंतर दोन-अडीच किलोमीटर. न थांबता चाललं तर पाऊण तासात संपेल. मला सकाळपासून ऊन उतरेपर्यंतचा वेळ लागला.

चालायला लागण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नावेतून दिसणारी घाटांची रांग आपल्याला पुराणकाळातली वाटते. तीर्थं तेवढी जुनी आहेतच, पण आज डोळ्यांना दिसणाऱ्या दगडी पायऱ्या, बुरूज आणि वाडे यांतला मोठा भाग अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातला आहे. दगड चुनारचा. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या खाणींतून तो नावांत भरून इथे उतरवला जाई. आणि पैसा बराचसा पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, नागपूरचा. नवल असं की काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच आली नाही. पेशव्यांना ती हवी होती, त्यासाठी वाटाघाटी झाल्या, पत्रव्यवहार झाला. पण सत्ता अवधच्या नवाबाची आणि त्याच्या हाताखालच्या काशीच्या राजाची राहिली, आणि 1775 मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. 1735 मध्ये पहिल्या बाजीरावाची आई राधाबाई काशीयात्रेला आली तीसुद्धा परमुलखातून. वाटेतल्या राजेरजवाड्यांनी आणि मोगल सरदारांनी तिला मानानं सांभाळून नेलं. जिथे आपला अंमल नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्या पैसा ओतायचा, दगड घडवायचे, अन्नछत्रं चालवायची, ही गोष्ट मला पानिपताइतकीच मोठी वाटते. पानिपत मात्र आपण शाळेत शिकतो, आणि हे शिकत नाही.

राजाघाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावाचे थोरले भाऊ. 1803 नंतर इंग्रजांकडून तनखा घेऊन ते उत्तरेत स्थायिक झाले, चित्रकूटजवळच्या कर्वीला आणि इथे काशीला. घाटाच्या पायऱ्या रुंद, ऐसपैस आहेत. भल्या सकाळी तिथे दोन धोबी कपडे आपटत होते आणि धुतलेल्या चादरी पायऱ्यांवरच वाळत टाकल्या होत्या. वर चढत गेलेली भिंत नुसती मान वर करून बघू नये, जवळ जाऊन तिच्यावर हात ठेवावा. दगडांचे सांधे अजून इतके घट्ट आहेत की त्यात नख शिरत नाही. पुराच्या पाण्याच्या खुणा मात्र माझ्या डोक्याच्याही वर होत्या. पावसाळ्यात हे घाट पाण्याखाली जातात आणि घाटाघाटांतून चालायची वाट बंद होते. चालत यायचं तर पाणी उतरल्यावर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत यावं.

पुढे चौसट्टी, राणामहाल, दरभंगा अशी मंडळी ओलांडून अहिल्याबाई घाटावर आले. घाटाला बांधणारीचं नाव इथे सरळ चिकटलं आहे. बाईंनी काशीत काय केलं नाही? 1780 मध्ये विश्वनाथाचं आजचं मंदिर उभं केलं. मणिकर्णिकेचा घाट बांधला. दशाश्वमेधाचं बांधकाम 1748 मध्ये बाळाजी बाजीरावांनी केलं होतं, तेही बाईंनी वाढवलं. विश्वनाथाच्या शिखरावरच्या सोन्याचा मान महाराजा रणजितसिंगांचा, पण ते ज्यावर चढलं ते शिखर बाईंचं. 2021 मध्ये मंदिराचा मोठा परिसर खुला झाला तेव्हा तिथे त्यांचा पुतळा बसवला, हे योग्यच झालं. पण मला त्या या घाटावर जास्त भेटल्या. पुतळ्याजवळ लोक फोटो काढून पुढे जातात. इथे एक म्हातारी पायरीवर बसून नातवाच्या अंगावर गंगेचं पाणी घालत होती, आणि ती बसली होती त्या पायरीसाठीच बाईंनी पैसे मोजले होते.

दशाश्वमेधावर मी रेंगाळले नाही. तिथलं सगळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मणिकर्णिकेवरूनही मान खाली घालून गेले. तिथे जळणाऱ्यांची माणसं शेजारी उभी असतात, आणि आपण इतिहास बघायला आलो आहोत हे त्यांना जाणवू नये एवढी तरी बूज राखावी.

शिंदे घाटावर मात्र बसले. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी 1830 च्या सुमारास हा घाट बांधायला घेतला. बांधकाम एवढं अवजड झालं की नदीकाठची माती ते पेलू शकली नाही आणि घाट खचला. पुढच्या शतकात शिंदे घराण्यानंच तो पुन्हा उभा केला. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका बाजूला कललेलं आहे, गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात आणि गाळात असतो. आईचं ऋण फेडलं असं म्हणणाऱ्या मुलाला आईचा शाप लागला आणि देऊळ कललं, ही कथा तिथला प्रत्येक नावाडी सांगतो. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचा, 1828 चा. अहिल्याबाईंचं नाव निदान घरोघरी आहे. बायजाबाईंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

थोडं पुढे गेलं की भोसले घाट. साऱ्या वाटेवर माझं मन सर्वांत जास्त इथे गुंतलं. नागपूरकर भोसल्यांचा हा वाडा नदीवर किल्ल्यासारखा उभा आहे. खाली पायथ्यापासून कितीतरी उंचीपर्यंत एकही खिडकी नाही, नुसती सरळ भिंत, आणि पार वर, पुराचं पाणी कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी बारीक खिडक्यांची ओळ. बांधणाऱ्यांनी नागपुरात बसून हा आराखडा केला नसावा. गंगेचा पूर डोळ्यांनी बघितलेल्या माणसाचीच ही भिंत आहे. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. मी गेले तेव्हा पुजारी फुलं बदलत होते. नागपूरकडची माणसं येतात का, असं विचारलं. म्हणाले, “आती हैं, पर नाव से. नीचे से देखकर चली जाती हैं.”

त्यानंतर गणेश घाटावरचं अमृतरावांचं अमृतविनायकाचं देऊळ, आणि मग रामघाट. रामघाटाच्या वरच्या अंगाला वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. गल्लीत शिरले तर आतून मुलांची संथा ऐकू येत होती. मी दाराबाहेरच उभी राहिले. शिकवणं चाललेलं असताना आत डोकावायचं नाही, हा साधा संकेत चालणाऱ्यानं स्वतःच पाळायचा असतो, कारण बरोबर कोणी सांगणारं नसतं.

पंचगंगा घाटावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. इथलं बिंदुमाधवाचं मूळ मोठं देऊळ औरंगजेबाच्या काळात पडलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार काशीची खूण होते, आता ते नाहीत. त्यातला एक 1948 मध्ये कोसळला. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारच्या गल्लीत आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. घाटावर अहिल्याबाईंची दगडी हजारा दीपमाळ आहे. कार्तिकात तिच्यात पणत्या लागतात आणि घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे चढतात. आणि ज्या कार्तिकी पौर्णिमेला हे दिवे लागतात, त्याच तिथीला शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, एकनाथांनी आपलं भागवत याच काशीत पूर्ण केलं. पैठणचा माणूस, मराठीतला ग्रंथ, आणि समाप्ती संस्कृत पंडितांच्या या गावात. पायऱ्यांवर बसून मी नकाशा घडी करून ठेवला आणि बराच वेळ काहीच केलं नाही.

पैठणचंच आणखी एक घराणं इथे आलं होतं, भट्टांचं. नारायणभट्टांनी 1585 च्या सुमारास तोडरमलाच्या मदतीनं विश्वनाथाचं देऊळ उभारलं. ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट याच घराण्यातले, आणि 1674 मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही. गडावरच्या त्या सोहळ्याचं एक टोक काशीतल्या या गल्ल्यांत आहे.

दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हा काशीतला मराठी मोहल्ला. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी इथल्या घाटांना हात लावला आणि त्यांच्यामागून मराठी बिऱ्हाडं वसत गेली. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर पाठ भिंतीला टेकवावी लागते. दारांवर जोशी, दीक्षित, पाटणकर, घाटे अशी आडनावं आपण ज्या लिपीत वाचतो त्याच लिपीत, पण शेजारची पाटी हिंदी. एका दारातल्या आजींना मी मराठीतून विचारलं, “आजी, वाडा आतून बघू का?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ये की गं. पुण्याची का?”

आत दगडी चौक, मधोमध तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात झाकलेली विहीर, आणि चारी बाजूंना लाकडी खांबांचे सोपे. वासे काळे पडलेले, एका बाजूचा मजला उतरवून टाकलेला. आजींचं मराठी स्वच्छ होतं, फक्त अधूनमधून क्रियापद बनारसी वळण घेई. त्यांनी मला गूळपाणी दिलं. म्हणाल्या, घरात आता त्या आणि धाकटा मुलगा. थोरला पुण्यात असतो, दुसरा बंगळुरूत. चैत्रात गौर बसते, आणि मोहल्ल्यातला सार्वजनिक गणपती टिळकांच्या काळापासूनचा, तो अजून आहे. “पण वाडा किती दिवस टिकेल, सांगता यायचं नाही. दुरुस्तीला मिस्त्री मिळतो, सागाचा वासा मिळत नाही.” चौकातल्या एका खांबाच्या तळाशी कमळाची पाकळी कोरलेली होती. त्यावर वाळत घातलेल्या धुण्याचं पाणी ठिबकत होतं. आजींनी पदराने ती पुसली आणि मला दाखवली.

परतताना मैदागिनच्या रस्त्याला पराडकर स्मृती भवनापाशी थांबले. बाबूराव विष्णू पराडकर 1883 मध्ये याच काशीत, मराठी घरात जन्मले आणि 1920 मध्ये निघालेल्या ‘आज’ दैनिकातून त्यांनी हिंदी पत्रकारितेला आकार दिला. 1930 मध्ये इंग्रज सरकारनं वृत्तपत्रांवर बंधनं आणली तेव्हा त्यांनी ‘रणभेरी’ चोरून सायक्लोस्टाइलवर काढलं. मराठी घराण्यांनी काशीला नुसता दगड दिला असं नाही, हे मला त्या भवनाच्या दारात उभं राहून पुन्हा पटलं. तिकडे भदैनीत, अस्सीजवळ, झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावाच्या भावाच्या, चिमाजीअप्पांच्या, पदरी काशीत होते, त्यांची ही मनू. ते वाटेपासून दूर आहे, पण वेगळा फेरा मारून अवश्य बघावं.

एवढ्या वाटेवर मला मराठीतली एकही माहितीपाटी दिसली नाही. घाटाच्या भिंतीवर नाव रंगवलेलं असतं, कुठे बांधणाऱ्याचं नावही असतं, पण ते कोण, कुठून आले, का आले, हे कुठेच नाही. महाराष्ट्रातल्या इतिहास संशोधन संस्थांनी, विद्यापीठांनी आणि ज्यांच्या पूर्वजांनी हे बांधलं त्या घराण्यांनी मिळून घाटाघाटावर चार ओळींची पाटी बसवली आणि ब्रह्माघाटाच्या वाड्यांचं निदान मोजमाप, छायाचित्रण करून ठेवलं, तरी पुष्कळ काम होईल. वाडे पडायला लागले आहेत, म्हणून हे लवकर व्हायला हवं.

आणि तुम्ही काशीला जाणार असाल तर विश्वनाथाच्या दर्शनानंतरची एक सकाळ राखून ठेवा. राजाघाटावरून उजाडताना निघा. भोसले घाटावर नावेतून न बघता वर चढा. ब्रह्माघाटाच्या गल्लीत एखादं दार उघडं दिसलं, तर मराठीत हाक मारा.