कोठीची चित्रशाळा

नवी जागा माणसाची थोडीशी परीक्षाच घेते. खिडकीतला उजेड कोणत्या घटकेला कोठे पडेल हे ठाऊक नसते आणि सवयीची वस्तू सवयीच्या जागी हाताला लागत नाही. आम्हा धर्मगुरूंना बदल्यांची सवय असते. प्रार्थनेची जागा बदलली तरी प्रार्थना तीच राहते. कुंचल्याचे मात्र तसे नाही. तो जागेवर रुसून बसतो.

कडेगावात एका शेतकरी कुटुंबाने परसातली धान्याची कोठी आम्हांस चित्रे काढण्यासाठी दिली, तेव्हा याचा प्रत्यय आला. आमच्या धर्मग्रामातील घरे दूरदूर विखुरलेली. त्यांतील एका छोट्या प्रार्थनामंदिरासाठी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने रंगवून हवी होती. छापील चित्रे मुंबईहून सहज आणता आली असती. परंतु तेथल्या आयाबायांना हाताने काढलेली चित्रे हवी होती. याउलट एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस बजावले होते, “फादर, काढा, पण देव देवासारखा दिसला पाहिजे. गावातल्या माणसासारखा नको.” त्यांचे म्हणणे भक्तीतूनच आले होते, म्हणून ते मनातून जाईना.

पहिले काही आठवडे कोठीत कामापेक्षा आवराआवरच अधिक झाली. कोपऱ्यातून जुन्या जोंधळ्याचा वास येई. सकाळी दारातून उन्हाची एक पट्टी आत शिरे आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर सरकत सरकत तिवईच्या पायापर्यंत येऊन थांबे. तेवढा वेळ रंग खरे दिसत, म्हणून आमचे कामाचे वेळापत्रक त्या पट्टीनेच ठरविले. दुपारी शेजारच्या आजी भाकरी आणि खर्डा पाठवीत. गेरू पाण्यात कालवला की जो लाल रंग उतरतो, तो आमच्या पेटीतील एकाही नळीत नव्हता. मोठी प्रेरणा येण्याची वाट पाहत असताना असे लहानसहान आनंद मात्र न बोलावता दारी येत होते.

या परिसराला कलावंताच्या नव्या संसाराचे एक उदाहरण ठाऊक आहे. कडेगावापासून फार दूर नसलेली किर्लोस्करवाडी १९१० साली निवडुंगाच्या माळरानावर वसली. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर पुढे त्या वाडीत आले. माळावर चित्रांना गिऱ्हाईक कोठून मिळणार? परंतु तेथेच १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि त्यातून पुढे मराठी घराघरांत पोहोचलेले मासिक उभे राहिले. माळाला जे हवे होते, ते त्यांच्या हाताने दिले.

आपल्या ख्रिस्तसभेतही असा एक कलावंत होऊन गेला. गोव्यातील सांतइस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, भारतीय चेहरा दिला. गोव्यात त्यावर टीका झाली आणि त्यांनी गोवा सोडला. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम अँग्लिकन बंधूंचा. तरीही एका कॅथॉलिक चित्रकाराला काम करण्याची जागा तेथे लाभली. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्याआधी चारच वर्षे, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले होते की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. सर्व लोकांच्या कलेला तिच्या मंदिरात स्थान आहे. सेमिनरीत हा परिच्छेद आम्ही अभ्यासला होता. त्याचा अर्थ हाताला कळण्यासाठी कडेगावला यावे लागले.

आमचे काम अडले होते ते पाचव्या स्थानापाशी. कुरेनेचा शिमोन प्रभूचा क्रूस उचलतो, ते हे स्थान. मार्क सांगतो की तो शेताकडून येत होता. आमचा शिमोन मात्र काही केल्या शेतकरी दिसेना. त्याचा खांदा क्रुसाखाली असूनही त्यावर भार आहे असे वाटेना. तीनदा रंगविला, तीनदा पुसला.

त्याच दिवसांत गावात मोहरमची तयारी चालू होती. कडेगावचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्धच आहेत. बांबूचे सांगाडे, त्यांवर रंगीत कागद आणि एकावर एक मजले. ताबूत कळसाकडून पायाकडे बांधीत आणतात, असे गावकऱ्यांनी आम्हांस समजावून सांगितले. २०२५ साली आषाढी एकादशी आणि मोहरम हे दोन्ही ६ जुलैला आले होते. त्या दिवशी ताबुतांच्या भेटी पाहावयास आम्हीही गर्दीत उभे राहिलो. हिंदू आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून ती प्रचंड उंची पेलत होते. ताबूत डोलला की एका कडेची माणसे गुडघ्यात वाकत, मान खांद्यावर कलंडे, पायाची बोटे माती घट्ट धरत. आम्ही वर कळसाकडे पाहण्याचे विसरलो आणि ते खांदेच पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कोठीत उन्हाची पट्टी येण्याआधीच कोळशाने रेखाटन पुरे झाले. शिमोनाची मान कलंडली, पाय मातीत रुतले. प्रभूच्या मुखावर आम्ही कोणताही वेगळा उजेड टाकला नाही; दोघांच्या अंगावर एकच गेरूची धूळ ठेवली. दाराशी घुटमळणारी शेजारची मुलगी आत डोकावून म्हणाली, “फादर, ह्यो तर आमच्या चुलत्यावानी दिसतुया.” मग प्रभूकडे पाहून हळूच म्हणाली, “लई दमलाय ह्यो.”

पाच चित्रे तयार झाल्यावर ती प्रार्थनामंदिरात नेऊन टांगली. ते वडीलधारे गृहस्थही आले होते. पाचव्या स्थानापाशी ते बराच वेळ उभे राहिले. चित्र आवडले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. “फादर, उरलेली कधी होणार?” एवढेच त्यांनी विचारले. आम्हांला ते उत्तर पुरेसे वाटले.

वाचकहो, आपणांपैकी कित्येकांना नोकरीमुळे, लग्नामुळे किंवा मुलांच्या शिक्षणामुळे घर बदलावे लागते. नव्या भिंतीवर जुनी तसबीर अवश्य लावावी. परंतु त्या गावाची माती, तिथले उजेडाचे वेळापत्रक आणि शेजाऱ्याचा खांदा यांच्यासाठीही थोडी भिंत मोकळी राखावी. आमची अजून नऊ स्थाने बाकी आहेत. सहाव्या स्थानावरील वेरोनिकेच्या हातातील वस्त्र कसे असावे, याचा विचार चालू आहे. शेजारच्या आजी भाकरी ज्या फडक्यात बांधून पाठवितात, ते आम्ही त्यांच्याकडून मागून घेतले आहे.