पुणेरी पलटण: दोन अपयशे, दोन उपाय

प्रो कबड्डी लीगमध्ये पुणेरी पलटणच्या वाट्याला दोन वेगळ्या प्रकारची अपयशे आली. पहिल्यात संघाची बांधणीच कच्ची होती. दुसऱ्यात बांधणी पक्की असूनही तिचे मुख्य आधार निखळले. दोन्ही वेळा पलटण सावरली, पण उपाय वेगवेगळे होते.

2014 साली लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते. पहिल्या हंगामात पलटण तळाला राहिली आणि 2015 मध्येही तिथेच. भरवशाचा चढाईपटू नसला की बचावावर ताण येतो, गडी लवकर बाद होतात आणि लोण चढत जातात. अशा संघात एखादा खेळाडू बदलून भागत नाही. 2016 च्या तिसऱ्या हंगामात महाराष्ट्राचे अर्जुन पुरस्कारविजेते अशोक शिंदे प्रशिक्षक होते, कर्णधारपद मनजीत छिल्लरकडे होते आणि चढाईला हिमाचलचा अजय ठाकूर होता. त्या हंगामात आणि त्यानंतरच्याही हंगामात पलटणने तिसरे स्थान मिळवले.

दुसरे अपयश विजेतेपदानंतर आले. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पलटणने 2022 मध्ये अंतिम फेरी गाठली आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. साखळीतील 22 सामन्यांत 17 विजय आणि अवघे दोन पराभव अशी त्या संघाची कामगिरी होती. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईने हंगामात पकडींचे 99 गुण मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्याचा, तर चढाईपटू आकाश शिंदे नाशिकजवळच्या आडगावचा. जळगाव आणि धुळे ज्या महसुली विभागात येतात, त्याच नाशिक विभागातले हे दोघे.

पुढच्या लिलावात शादलुईला हरियाणाने 2 कोटी 7 लाख रुपयांना घेतले. अकराव्या हंगामात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो बाहेर पडला. तो चढाईतही गुण आणायचा आणि पकडीतही उतरायचा. त्यामुळे तो नसताना दोन्ही बाजू लंगड्या पडल्या. पलटणला पहिल्या सहांत जागा मिळाली नाही. 29 डिसेंबर 2024 चा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीत झाला. त्यात पलटण नव्हती. शादलुईच्या हरियाणाने पाटणा पायरेट्सला हरवून करंडक नेला.

यानंतर प्रशिक्षक बदलला. रमेश बंगळुरू बुल्सकडे गेले आणि पलटणची सूत्रे अजय ठाकूर यांच्याकडे आली. भारताचे माजी कर्णधार, पद्मश्री आणि 2016 च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे नायक, ही त्यांची ओळख; शिवाय ते पलटणकडून खेळलेलेही होते. या वेळी संघाचा गाभा मात्र मोडला गेला नाही. कर्णधार अस्लमच राहिला. पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन यांच्यावरचा विश्वास कायम राहिला आणि तरुण आदित्य शिंदेला संधी मिळाली. 2025 च्या बाराव्या हंगामात पलटण साखळीत अव्वल ठरली आणि अंतिम फेरीत पोहोचली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने तिला 31-28 असे हरवले.

या इतिहासातून नव्या प्रशिक्षकाचे पहिले काम स्पष्ट होते: हार कुठून आली हे शोधणे. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची साखळी तुटते का, बोनस सहज दिला जातो का, तिसऱ्या चढाईत गडी घाबरतो का, हे सामन्यागणिक नोंदवावे लागते. बांधणी कच्ची असेल तर नवा संघ उभारावा. दुखापतीने घात केला असेल तर माणसे टिकवावीत आणि राखीव गडी तयार करावेत.

जळगाव-धुळ्याच्या जिल्हा संघांना आणि तालीम-मंडळांनाही हेच लागू पडते. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत लवकर गारद झाल्यावर प्रशिक्षक आणि सात गडी एकदमच बदलले, तर आधीच्या हंगामाचा अनुभव वाया जातो. सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जिल्ह्याला मात्र काय बदलायचे आणि काय जपायचे, हे पुराव्यानिशी ठरवता येते.